सामाईक विहीर
(रोजनिशीतील पाने)

१७ मार्च २०२४, रविवार. पिंपळी

फ्रान्स द वाल गेले. गुरुवारी, १४ तारखेला, अमेरिकेत अटलांटाजवळच्या राहत्या घरी. पंचाहत्तर वर्षांचे होते. मुलाने पुण्याहून बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, 'आई, तुझे चिंपांझीवाले गेले.'

माझेच म्हणायचे. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि दरवर्षी नववी-दहावीच्या पोरांना हा डच माणूस पुस्तकाबाहेरचा म्हणून सांगितला. नेदरलँड्समध्ये आर्नेम नावाचं गाव आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयात वीस-पंचवीस चिंपांझींचा कळप खंदकाने वेढलेल्या बेटावर मोकळा ठेवला होता. १९७५ पासून सहा वर्षं हा माणूस तिथे बसून कोण कुणाशेजारी बसतं, कोण कुणाला हात देतं, एवढंच टिपत राहिला. हिवाळ्यात एकदा आतल्या दालनात मोठं भांडण झालं. दांडगा नर एका मादीच्या अंगावर गेला, बाकीचे ओरडत तिच्या मदतीला धावले. मग सगळं शांत. थोड्या वेळाने अख्ख्या कळपाने एकच गलका केला, आणि मधोमध दोन चिंपांझी एकमेकांना मिठी मारून मुके घेत होते. द वालांनी तेही टिपलं. आपण काय पाहिलं, हे त्यांच्या ध्यानात नंतर आलं. मिठी मारणारे ते दोघे म्हणजे मघाशी भांडलेले तो नर आणि ती मादीच. प्राण्यांची भांडणं मोजणारे तोवर पुष्कळ होते. भांडण झाल्यावर पुढे काय होतं, याचं टिपण ठेवायचं फारसं कुणाला सुचलं नव्हतं. १९७९ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर त्यावर निबंध लिहिला आणि 'समेट' हा माणसांचा शब्द जनावरांसाठी वापरला.

रात्री ह्यांना बातमी सांगितली. 'हं' म्हणाले आणि बॅटरी घेऊन मोटर चालू करायला गेले. आजपासून पाळी आमची.

त्या पाळीचं एकदा लिहून टाकते, दोन महिने टाळतेय. विहीर आजेसासऱ्यांनी खोदलेली. सातबाऱ्यावर आठ आणे ह्यांचे, आठ आणे धाकट्या दिरांचे. चार दिवस पाणी आमचं, चार दिवस भाऊजींचं. तीस वर्षांत कधी घड्याळ बघावं लागलं नाही. यंदा बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुके दुष्काळाच्या यादीत. जानेवारीत विहीर तासाभरात उपसू लागली. एका रात्री भाऊजींनी आमच्या पाळीत मोटर टाकली. त्यांचं म्हणणं, आदल्या दिवशी लाइट नव्हती, बुडालेली पाळी भरून घेतली. ह्यांचं म्हणणं, विचारायला तोंड नव्हतं का. मोटरच्या पेटीपाशी दोघं समोरासमोर आले. वडिलांच्या वाटणीपासूनचं सगळं निघालं, माझ्या आणि जावेच्या माहेरापर्यंत गेलं. ह्यांच्या हातात दारं धरायचं खोरं होतं. उगारलं नव्हतं, पण हात वर चढत चालला होता.

तेवढ्यात नानी आल्या. नानी म्हणजे ह्यांची चुलती, वय त्र्याऐंशी. अनवाणी, पदर खोचलेला. एक शब्द बोलल्या नाहीत. ह्यांचा हात धरला, खोऱ्याच्या दांड्यावरची बोटं एकेक करून सोडवली, खोरं काखेत मारलं आणि घराकडे चालू लागल्या. दोघे भाऊ रिकाम्या हातांनी उभे.

आर्नेमच्या कळपात हेच होत असे. अंगावर जायच्या तयारीतला नर मुठीत दगड घेऊन झुलू लागला, की एखादी वयस्क मादी त्याच्याजवळ जायची, त्याची मूठ उघडायची आणि दगड काढून घ्यायची. त्याने दुसरा उचलला, तर तोही. द वालांनी हे पुन्हा पुन्हा पाहिलं. मी वर्गात सांगायचे तेव्हा पोरं हसायची, मीही हसायचे. विहिरीवर त्या रात्री माझ्या अंगावर काटा आला.

खोरं अजून नानींच्याच ओसरीला आहे. दोघा भावांचं बोलणं त्या दिवसापासून बंद.

२५ मार्च, धुळवड

समोरच्या पडीक रानातली ऊसतोडीची टोळी आज उठली. पट्टा पडला, कोप्या मोडल्या, बांबू, पत्रे, कोंबड्या, शेळ्या सगळं ट्रॅक्टरवर चढलं. पाच महिने ही माणसं आमच्या दारासमोर राहिली.

त्यांच्यातलं एक तान्हं मी रोज बघायचे. त्याची आई पहाटे चारला नवऱ्याबरोबर फडात जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच मुकादमाच्या वहीत नोंद. पोर मागे आठ वर्षांच्या बहिणीकडे. ती पाण्याला गेली की शेजारच्या कोपीतल्या म्हातारीकडे. म्हातारी भाकरी टाकायला बसली की कुणाच्याही मांडीवर. दोन-चारदा माझ्याही. त्या बहिणीने शाळेत असायला हवं होतं, आणि हे मी माझ्या परीने मुकादमाला सांगूनही झालं. पण पोराकडे बघताना दुसरंही एक दिसत होतं. ते कुठल्याही मांडीवर रडायचं नाही. नवं तोंड दिसलं की आधी निरखून बघायचं, मग हसायचं.

सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी याच गोष्टीवर २००९ साली मोठं पुस्तक लिहिलं. चिंपांझीची आई कित्येक महिने पिल्लाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पोटाशी घेऊन एकटी वाढवते. माणसाची बाई तसं करूच शकत नाही. आपलं मूल इतकं परावलंबी आणि इतक्या वर्षांचं ओझं, की आजी, मावशी, आत्या, थोरली बहीण यांच्या हातांशिवाय ते जगलंच नसतं. हर्डी म्हणतात, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून ओळखायची माणसाची हातोटी अशा मांड्या बदलत वाढलेल्या पोरांतून आली असावी. ज्या पोराला परक्या मांडीवर आपलंसं होता आलं, ते जगलं.

ट्रॅक्टर हलला तेव्हा पोर मुकादमाच्या आईच्या कडेवर होतं. त्याची आई मागच्या ट्रॉलीत भांडी धरून बसली होती.

९ एप्रिल, गुढीपाडवा

एका वाड्याला यंदा दोन गुढ्या. आमची पूर्वेच्या कोपऱ्यावर, भाऊजींची पश्चिमेच्या. कडुलिंबाच्या डहाळ्या मात्र दोघांनी एकाच झाडाच्या आणल्या. झाड बांधावर आहे.

२३ एप्रिल, हनुमान जयंती

सकाळी देवळात सुंठवडा वाटत होते आणि पिंपळावर एक वानर येऊन बसलं. गावात एकच कल्लोळ. जयंतीच्या दिवशी, मारुतीच्या देवळावर, साक्षात. लोकांनी चपला काढून नमस्कार केले. केळी आली, नारळ फुटले. कुणी म्हणालं कन्हेरीच्या वनातून आलं, कुणी म्हणालं मालट्रकवर बसून.

पूर्ण वाढलेला नर, ज्याला आपण हुप्प्या म्हणतो. काळं तोंड, राखाडी अंग, कमानीसारखी वळलेली लांब शेपटी. डाव्या कानाचा लचका तुटलेला, मांडीवर वाळत आलेली जखम. पोरं मला बघून लगेच, 'बाई, आपला पूर्वज आला!' पंधरा वर्षांपूर्वी शिकवलेली पोरं, आता बापे झालेत. मी तिथेच उभी राहून पुन्हा सांगितलं. वानर वेगळं, माकड वेगळं, आणि कपी वेगळे. कपींना शेपूट नसतं. गोरिला, ओरांगउटान, चिंपांझी, बोनोबो आणि आसामातला आपला हुलॉक गिबन, हे कपी. चिंपांझी आणि आपण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एका घरात होतो, तो आपला सख्खा चुलतभाऊ. या वानराचं घर अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीच वेगळं झालं. हा भावकीतला, पण लांबच्या भावकीतला.

नानी पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, 'एकलंच हाय गं. घरातनं काढल्यालं दिसतंय.'

त्र्याऐंशी वर्षांच्या, सही करायला साठीत शिकलेल्या बाईने एका नजरेत ओळखलं. वानरांच्या टोळीत माद्या जन्मभर एकत्र राहतात. आया, मुली, मावश्या, नाती, टोळी त्यांची असते. नर येतो आणि जातो. बाहेर भटक्या नरांच्या टोळ्या असतात. त्यातला एखादा येऊन जुन्याला हाकलतो आणि माद्यांमध्ये बसतो. हाकलला गेलेला असा कान तुटका होऊन फिरत राहतो, कधी कधी ज्या गावात आपलं कुणी नाही अशा गावापर्यंत.

वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर मीच फोन लावला. संध्याकाळी एक कर्मचारी येऊन बघून गेले. म्हणाले, जखम वाळतेय, त्रास देत नाही, तर राहू द्या. फक्त खायला घालू नका. हाताने खायची सवय लागली की उद्या तोच घरात शिरेल आणि मग तुम्हीच काठ्या घ्याल. हे मी लोकांना किती सांगितलं, पण देवाला केळं देऊ नका हे कुणाच्या पचनी पडत नाही.

२९ एप्रिल

आज दुपारी जे बघितलं ते जसंच्या तसं लिहिते.

उन्हाचा ताव होता. भाऊजींच्या गोठ्यात कालवड बसलेली. हुप्प्या पत्र्यावरून उतरला, पाच-सहा हातांवर बसला, दुसरीकडे बघत. मग सरकला. पुन्हा दुसरीकडे बघत. असं करत कालवडीच्या पाठीशी आला आणि दोन्ही हातांनी तिच्या मानेवरचे केस विंचरू लागला. केस एका बाजूला दाबायचे, खालची कातडी निरखायची, काहीतरी चिमटीत धरायचं आणि तोंडात टाकायचं. लोक म्हणतात उवा खातात. उवाच असं नाही, कोंडा, गोचिडी, खारट खपल्याही. कालवडीने मान लांब केली, डोळे मिटले. दहा मिनिटं तरी चाललं. मग तो वळला आणि आपली पाठ तिच्याकडे करून बसला. वाट बघत.

कालवड काय करणार? तिने एकदा हुंगलं, कान हलवला. तो तसाच बसून राहिला पाठ देऊन.

'बघा की अक्का, काय करतंय ते!' भिंतीपलीकडून आवाज आला. धाकटी जाऊ उभी होती, डोळ्यांत पाणी. मी 'हो गं' म्हणाले. मग दोघींच्याही लक्षात आलं, आपण तीन महिन्यांनी बोललो.

आम्हा दोघींचं भांडण नव्हतंच. पण ह्यांचं-त्यांचं तुटलं, तशी आमची दुपारची बैठक तुटली. रोज तीन वाजता नानींच्या ओसरीवर मी नानींना तेल लावायचे, जाऊ माझी वेणी घालायची, आणि गावात काय चाललंय ते सगळं त्या तासाभरात कळायचं. रॉबिन डनबार म्हणून इंग्लंडमधले अभ्यासक आहेत. त्यांचं म्हणणं, माणसांचे कळप मोठे झाले, एकेकाचे केस निवडायला दिवस पुरेना, म्हणून बोलणं आलं. एका वेळी तिघा-चौघांना कुरवाळायची ती सोय. आमच्या ओसरीवर केस आणि बोलणं दोन्ही एकदमच चालायचं, आणि दोन्ही एकदमच थांबलं.

रात्री कपाटातून 'सत्तांतर' काढलं. व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटी कादंबरी १९८२ची, पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माडगूळकर आमच्यासारख्याच कोरड्या मुलखातले, माणदेशातले. कादंबरीत माणूस पात्र नाही, आहे ती वानरांची टोळी आणि तिच्यावर कुणाचा ताबा, हा झगडा. द वालांचं चिंपांझींच्या राजकारणावरचं पुस्तकही त्याच वर्षी आलं. एक माणूस आर्नेमात, एक पुण्यात, आणि दोघांनाही त्याच सुमाराला दिसलेली ही गोष्ट.

वानरांबद्दलची सगळ्यांत कठीण गोष्ट कळली तीही आपल्या शेजारी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी अभ्यासक धारवाडजवळच्या जंगलात वानरांमागे फिरत होते. त्यांनी पाहिलं, की नवा नर टोळीत आला आणि मागच्या नराची तान्ही पिल्लं त्याने मारली. बरेच जण म्हणाले, हे विकृत, गर्दीने बिघडलेलं वागणं. दहा वर्षांनी सारा हर्डी अबूच्या डोंगरावर आल्या, याच त्या मांडीवरच्या पोरांवर लिहिणाऱ्या. त्यांनी सांगितलं, यात नराचा हिशेब आहे. पिल्लू गेलं की मादी लवकर पुन्हा माजावर येते. पण हर्डींनी तिथे थांबून फक्त नराकडे पाहिलं नाही. माद्या काय करतात तेही पाहिलं. म्हाताऱ्या माद्या, ज्यांना आता पिल्लं होणार नाहीत अशा, दुसरीच्या पिल्लासाठी त्या दांडग्या नरावर तुटून पडायच्या.

वर्गात हा भाग आला की एखादा पोरगा हमखास विचारायचा, 'मग बाई, मारणं नैसर्गिक आहे का?' मी सांगायचे, नैसर्गिक आहे. आणि त्या म्हातारीचं मध्ये पडणंही तितकंच नैसर्गिक आहे. तू कुणाच्या बाजूने उभा राहणार, हे निसर्ग तुला सांगणार नाही.

७ मे

मतदान. ऊन चाळीसच्या वर. यंदा बारामतीची लढत नणंद-भावजयीची, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. पवारांचं गाव काटेवाडी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे अख्ख्या देशाचे कॅमेरे या रस्त्यावरून गेले. एका घरातलं दुखणं सगळ्या जगाने बघायचं म्हणजे काय, हे मला आमच्या एका विहिरीवरून थोडंफार कळतं. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

फोनवर मात्र दिवसभर माकडांची चित्रं फिरली, खुर्चीवर बसलेली. मला राग आला. द वालांचं पुस्तक अमेरिकेत १९९४ साली नव्या खासदारांना वाचायला सुचवलं गेलं होतं. तेव्हाही लोकांनी त्यातली खुर्ची तेवढी घेतली. त्यात येरून म्हणून म्हातारा नर आहे, दुसरा लॉइट, आणि तिसरा तरणा निकी. येरूनला लॉइटने उतरवलं, मग येरूनने निकीला हाताशी धरून लॉइटला उतरवलं. १९८० मध्ये एका रात्री दोघांनी मिळून लॉइटला इतकं फाडलं की तो वाचला नाही. द वाल ते दुःख आयुष्यभर विसरले नाहीत. त्यानंतर त्यांचं लक्ष अधिकच एका गोष्टीकडे गेलं, भांडूनही एकत्र राहतात ते कसे राहतात. कळपात रोज दहा कुरबुरी व्हायच्या आणि बहुतेक मिटायच्या. न मिटलेली एक लक्षात राहते.

ह्यांनी आणि भाऊजींनी एकाच केंद्रावर, एकाच रांगेत, मध्ये चार माणसं ठेवून मत दिलं.

१२ मे

पुतणीच्या बाळाचं बारसं. १ तारखेला झालं, मुलगा. निरोप आला तो बायकांना. ह्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, पैठणी नेसले आणि गेले.

गोविंद-गोपाळ म्हणत बाळ पाळण्याखालून एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, वरून परत आलं. माझ्या हातांतून, जावेच्या, विहिणीच्या, शेजारच्या मुलाणी भाभींच्या, आणि नानींच्या कापऱ्या हातांतून. मी इतकी बारशी केली, पण या देण्या-घेण्यात काय आहे हे आज पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. बाळाला नाव देण्याआधी आपण त्याला इतक्या हातांची ओळख करून देतो.

येताना जावेने डब्यात घुगऱ्या दिल्या. ह्यांनी खाल्ल्या. कुठल्या, ते विचारलं नाही.

२४ मे

उजनीत नाव उलटली. मंगळवारी संध्याकाळी, कळाशी आणि कुगावच्या दरम्यान, वादळात. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलं. धरणाचं पाणी इतकं आटलेलं, की जुनी देवळं वर आलीत, आणि त्याच पाण्यात हे.

जावेचं माहेर तिकडचं, भीमेच्या काठाचं. ती म्हणाली, 'अक्का, याल का?' आम्ही एसटीने गेलो. नातं असं काही नव्हतं. बसायला गेलो, एवढंच.

काठावर माणसं नुसती बसलेली. बोलणारं कुणी नाही. शोध घेणाऱ्या बोटींकडे डोळे. घराघरांतून भाकऱ्या येत होत्या, पिठलं येत होतं, कुणी कुणाला आग्रह करत नव्हतं, फक्त पुढे ठेवत होतं. एक बाई दुसरीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. आम्ही पोचलो तेव्हा होता तो हात आम्ही निघालो तेव्हाही तिथेच होता.

१९७९च्या त्या निबंधात समेटाबरोबर दुसरा एक शब्द होता, सांत्वन. हरलेला, मार खाल्लेला चिंपांझी एका बाजूला बसून किंचाळत असतो, आणि भांडणात नसलेला कुणी तरी येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकतो. द वालांनी शोधलं, की समेट माकडंही करतात, पण असा हात टाकणं माकडांत सहसा सापडत नाही. कपींमध्ये सापडतं. म्हणजे तो पाठीवरचा हात आपल्याकडे धर्मग्रंथांच्या, भाषेच्या, शेतीच्याही आधीपासून आहे.

परतीच्या एसटीत जाऊ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. भिगवणला जाग आली तेव्हा म्हणाली, 'तुमची वेणी किती सैल झालीय.'

९ जून

मृग लागला तो पाऊस घेऊनच. दोन दिवसांत विहिरीत दोन परस पाणी. हुप्प्या गेला. परवाच्या पावसापासून कुणाला दिसला नाही. नीरेकडे गेला असेल तर बरं, तिकडे झाडी आहे. कालवड सकाळपासून दोनदा पत्र्याकडे बघून हंबरली, किंवा मला तसं वाटलं.

ओसरीची बैठक पुन्हा सुरू झाली. नानींना तेल लावताना मी गोम्बेची गोष्ट सांगितली. आफ्रिकेत टांझानियातल्या गोम्बेला जेन गुडॉल १९६०च्या जुलैत चिंपांझींचा अभ्यास करायला गेल्या. पहिली दहा-बारा वर्षं त्यांना वाटत होतं, चिंपांझी आपल्यापेक्षा भले आहेत. मग एक कळप फुटला, थोडे दक्षिणेला गेले. आणि १९७४ ते ७८ या चार वर्षांत उत्तरेकडच्यांनी दक्षिणेकडच्या नरांना एकेकटं गाठून मारलं. परके नव्हते. एकमेकांचे केस निवडत मोठे झालेले.

'भाऊबंदकी,' नानी म्हणाल्या.

या एका शब्दापुढे मला काही सांगायचं उरलं नाही. इंग्रजीत त्याला युद्ध म्हणतात. खाडिलकरांनी १९०९ साली राघोबा आणि नारायणरावावर नाटक लिहिलं, त्याचं नाव हेच. आपल्या भाषेत परक्याशी होणाऱ्या वैरापेक्षा घरातल्या वैराला जास्त नेमका शब्द आहे.

मग मी आर्नेमची दुसरी गोष्ट सांगितली. दोन नर भांडून समोरासमोर बसलेत, एकमेकांकडे बघायला तयार नाहीत. एक आकाशाकडे बघतो, एक गवताकडे. म्हातारी मादी उठते, एकाजवळ जाते, त्याचे केस निवडते. मग उठून दुसऱ्याकडे चालू लागते. पहिला तिच्या मागोमाग, पण त्याच्याकडे न बघता. ती दोघांच्या मध्ये बसते. दोघे दोन बाजूंनी तिचे केस निवडू लागतात. आणि थोड्या वेळाने ती हळूच उठून निघून जाते.

नानींनी डोकं वर केलं. 'उठून गेली ते बरं केलं तिनं. बसून ऱ्हायली आसती, तर जल्मभर दोघं तिच्याशीच बोलत बसलं आसतं.'

जाऊ हसली. मी नाही हसले. वीस वर्षं मी ही गोष्ट ती मादी मध्ये बसली म्हणून सांगत आले.

७ जुलै, रविवार

तुकोबांची पालखी. रात्रीचा मुक्काम बारामतीत होता, आज सणसरला. पहाटेपासून दिंड्या पिंपळीतून काटेवाडीकडे जात होत्या. रात्री पाऊस झालेला, रस्ता धुतल्यासारखा. दरवर्षी आमचं पाणी आणि चहा भाऊजींच्या बांधावर असतो, रस्ता तिथून जवळ. यंदा काय करायचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. ह्यांनी सकाळी सहाला पिंप उचलून तिथेच नेऊन ठेवलं. भाऊजींचं तिथे आधीच होतं. दोन पिंपं, मध्ये सहा-सात फूट.

सगळी सकाळ दोघं पाणी देत होते, पाठीला पाठ. येणारे एकमेकांच्या पाया पडत होते, लहान थोराच्या, थोर लहानाच्या, माउली माउली करत. एका वारकऱ्याने ह्यांच्या पायांना हात लावला, ह्यांनी त्याच्या, मग तो वळून भाऊजींच्या पायांना लागला.

नऊच्या सुमारास नानींना खुर्चीत घालून आणलं. खुर्ची जावेने ठेवली ती दोन पिंपांच्या मध्ये. मांडीवर बाळ, टोपडं घातलेलं, सव्वादोन महिन्यांचं. चौघडा ऐकू आला, रथ जवळ आला होता. माणसं रस्त्याकडे सरकली. पेले रिकामे पडले. दोघे भाऊ दमून खुर्चीच्या दोन बाजूंना मातीतच टेकले.

नानी म्हणाल्या, 'मला दर्सन घिऊ द्या,' आणि बाळ ह्यांच्या मांडीवर ठेवून उठल्या. माझा हात धरला. चार पावलं गेल्यावर मी मागे वळणार होते, त्यांनी बोटं आवळली. तरी मी बघितलंच.

ह्यांना तान्हं धरून वीस-बावीस वर्षं झाली असतील. दोन्ही हात पसरून, जड ताट धरावं तसं धरलं होतं. बाळाचं डोकं मागे गेलं.

'मान धर, दादा,' भाऊजी म्हणाले.

ह्यांनी मानेखाली हात घेतला.